अधिकारप्रदान, लघुव्यवसायातील

मालकाने आपल्याकडची ठरावीक कामे, ती पार पाडायला लागणाऱ्या निर्णयाच्या अधिकारासह, नोकर, नातलग, भागीदार किंवा बाहेरच्या व्यावसायिकाकडे सोपविणे. नुसते काम वाटून देणे म्हणजे अधिकारप्रदान नव्हे. गिऱ्हाइकाने दोन टक्के सूट मागितली आणि काउंटरवरचा माणूस ‘शेठना विचारून सांगतो’ म्हणाला, तर काम वाटले गेले आहे, अधिकार शेठकडेच आहे. मुंबईतील पेढ्या, गाळे व दुकाने यांची वाढ पुष्कळदा भांडवलाइतकीच या वाक्यापाशी अडते. दुसरे दुकान घेतले, तरी शेठ एकाच ठिकाणी बसू शकतात.

परिभाषा व व्युत्पत्ती : ‘अधिकारप्रदान’ हा व्यवस्थापनशास्त्राच्या अनुवादातून रूढ झालेला शब्द आहे. बाजारातले शब्द त्याहून जुने व बहुतांशी अरबी-फार्सी मूळ असलेले. मुखत्यार म्हणजे निवडलेला, गुमास्ता म्हणजे नेमलेला, मुतालिक म्हणजे जोडलेला किंवा संबंधित. मराठेशाहीत प्रधान मोहिमेवर असताना त्याचा कारभार मुतालिक पाही. मुखत्यार ‘कुलमुखत्यारपत्रा’त टिकला आहे. गुमास्ता माणसासाठी फारसा वापरात नाही, मात्र मुंबईत दुकान-आस्थापनेच्या नोंदणीला आजही ‘गुमास्ता’ म्हणतात. १९४८ च्या कायद्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, तरी बोलीतला शब्द बदलला नाही.

‘मुनीम’ची व्युत्पत्ती मात्र सरळ नाही. तो अरबी ‘मुनीब’वरून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुनीब व नायब एकाच धातूचे. मुनीब म्हणजे नायब नेमणारा, नायब म्हणजे नेमला गेलेला. तसे असेल, तर मूळचा धन्याला लागू असलेला शब्द केव्हातरी गादीच्या या बाजूने त्या बाजूला सरकला आणि नोकराला चिकटला. ‘मुनइम’ (उपकारकर्ता) हा शब्द ध्वनीने जवळचा असला, तरी त्याचा अर्थ हिशेबनिसाच्या कामाशी जुळत नाही. दिवाणजी, मेहताजी व मुनीम यांच्या अधिकारांतला फरक पेढीगणिक बदलत असल्याने केवळ पदनामावरून अधिकाराची व्याप्ती ठरविता येत नाही.

मुंबईतील पूर्वपीठिका : शहरातील सर्वांत चर्चिलेले अधिकारप्रदान गिरण्यांतले. बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कामगारभरती, कामाची वाटणी, शिस्त व रजा हे सारे जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे गेले. त्याच्या हाती अधिकार होता, पण त्यावर लेखी मर्यादा क्वचितच असे. त्यातून दस्तुरी, म्हणजे नोकरी लावण्याबद्दल किंवा टिकवण्याबद्दल कामगाराकडून घेतलेला पैसा, बोकाळली. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली व भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे सुचविले. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या कामगारांच्या, नियंत्रणाची योजना आली.

जॉबर नेमका किती बलवान होता, याविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात तो जवळपास सर्वसत्ताधीश दिसतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये वेगळे चित्र मांडले : जॉबरला वरून व्यवस्थापन दाबत असे आणि खालून कामगार व त्यांची वस्ती, दोघांना सांभाळता आले नाही, तर त्याचे वजन टिकत नसे. उपलब्ध पुराव्याशी हे मत जास्त जुळते. लहान गाळ्यालाही ते लागू पडते. शेठने एखाद्याला ‘आजपासून तू बघ’ म्हटल्याने बाकीचे पाच जण त्याचे ऐकू लागतातच असे नाही. ती घोषणा सर्वांसमोर, मर्यादेसह व्हावी लागते.

सिद्धांत : व्यवस्थापनविचारवंत आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये अधिकार व जबाबदारी यांची जोडी अविभाज्य मानली. ग्रेक्यूनस यांच्या १९३३ च्या सूत्रानुसार एका वरिष्ठाच्या हाताखाली ४ माणसे असल्यास संभाव्य परस्परसंबंध ४४, ५ असल्यास १०० व ६ असल्यास २२२ होतात. हे गणित आहे, निरीक्षण नव्हे. तरी सहावा माणूस ठेवल्यावर आपला दिवस एकाएकी का पुरेनासा झाला, याचे कोडे त्याने काहीसे उलगडते. लॅरी ग्रायनर यांनी (१९७२) वाढीच्या टप्प्यांत अधिकारप्रदानानंतर नियंत्रणाचा पेच येतो असे म्हटले. चर्चिल व लुईस (१९८३) यांनी मालकाची अधिकार सोडण्याची तयारी हा लघुव्यवसायाच्या वाढीतील एक निर्णायक घटक मानला.

पद्धती : प्रारंभी मालकाने दोन आठवडे वहीत, आपल्याला कोणी काय विचारले, एवढेच टिपावे. स्वतःच्या कामांची यादी करायला बसल्यास मोठी कामे आठवतात. वेळ खाणारे छोटे प्रश्न या वहीतच सापडतात. वारंवार येणारा आणि चुकला तरी नुकसान मर्यादित राहील असा प्रश्न आधी सोडावा. प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक पायरी लिहावी : सांगतो तेवढेच कर; विचारून कर; करून सांग; सांगायची गरज नाही. तिसऱ्या पायरीला आकडा हवाच. उदाहरणार्थ, सूट ३ टक्क्यांपर्यंत, उधारी जुन्या गिऱ्हाइकाला ३० दिवस व २५,००० रुपयांपर्यंत, खराब मालाची बदली ताबडतोब. आकडा नसेल, तर माणूस भीतीपोटी आपोआप दुसऱ्या पायरीवर उतरतो.

हाताच्या कसबाचे हस्तांतरण अधिक अवघड. लालबागच्या मसाल्याच्या धंद्यात निवडणे, देठ काढणे, डंकनवर (कुटण्याच्या यंत्रावर) कुटणे, चाळणे व भरणे ही कामे सहज सोडली जातात. भाजणी मालकाच्या नाकापाशी अडते. धणे, खसखस व दगडफूल यांना लागणारा वेळ वेगवेगळा असल्याने ते वेगवेगळे भाजतात. खसखस क्षणात करपते आणि सगळा घाणा कडू करते. ‘रंग बदलला की उतरव’ ही सूचना शिकाऊ माणसाला निरुपयोगी. प्रत्येक जिन्नसाचे घाण्यातले वजन, ज्योत, मिनिटे व भाजून उतरलेले वजन लिहून काढावे. वजनातली घट नेहमीपेक्षा जास्त आली, की जास्त भाजल्याचा संशय घ्यावा. मंजूर घाण्याचा १०० ग्रॅम नमुना तारखेची चिठ्ठी लावून काचेच्या बरणीत ठेवावा. पहिले तीन घाणे मालक भाजतो व शिकाऊ पाहतो, पुढचे तीन शिकाऊ भाजतो व मालक पाहतो, त्यानंतर मालक कुटण्यापूर्वी बरणीशी ताडून केवळ वास घेतो. सुरुवात पावसाळ्यानंतर करावी. एप्रिलच्या गर्दीत शिकवायला घेतले, की तिसऱ्या दिवशी झारा पुन्हा मालकाच्या हातात जातो.

पैशाबाबत खरेदीची मागणी, माल उतरवून घेणे व बिल चुकते करणे ही तीन कामे एकाच माणसाकडे नसावीत. चार माणसांच्या दुकानात हे पाळणे अशक्यप्राय असते. तेथे बँकेचे विवरण मालकाने स्वतः ओळ न् ओळ वाचावे. किरकोळ रोकड ठरावीक रकमेची, समजा ५,००० रुपयांची, ठेवल्यास पेटीतली रोकड अधिक सहीची व्हाउचरे यांची बेरीज केव्हाही ५,०००च आली पाहिजे. प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः वजावटीस पात्र ठरत नाही (मालवाहतूकदारासाठी ३५,०००), हे रोकड सांभाळणाऱ्याला माहीत असावे. नेट बँकिंगमध्ये नोंद एकाने व मंजुरी दुसऱ्याने अशी सोय असते; ओटीपी फोनवरून सांगण्याची सवय तिचा अर्थच काढून घेते. डिजिटल सहीचे टोकन हिशेबनिसाच्या खणात ठेवणेही तसेच : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार सहीच्या खासगी कळीचा ताबा राखण्याची काळजी धारकानेच घ्यायची असते. जीएसटीची मासिक विवरणे (११ व २० तारीख) बाहेर देता येतात, उशिरा भरलेल्या करावरचे १८ टक्के व्याज मात्र व्यवसायालाच पडते.

अपयशाचे प्रकार : सर्वाधिक आढळणारा म्हणजे कामाचा उलटा प्रवास. नोकर अडचण घेऊन येतो, शेठ ‘ठेव, मी बघतो’ म्हणतात आणि काम मूळ जागी परतते. अडचणीबरोबर एक उपाय आणायचा, एवढ्या अटीने हे बरेच थांबते. दुसरा, एकाच माणसाला दोन हुकूम : वडील गल्ल्यावर, मुलगा व्हॉट्सॲपवर. तिसरा, सगळे एकाच विश्वासू माणसावर टाकणे. त्याने वर्षातून सलग आठवडाभर रजा घ्यावी व त्याचे काम दुसऱ्याने करावे, म्हणजे त्याच्या एकट्याच्या डोक्यात काय आहे ते उघडे पडते.

कायदेशीर बाजू : भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलमे १८२ ते २३८ प्रतिनिधित्वाविषयी आहेत. प्रतिनिधी नेमण्यास मोबदला आवश्यक नाही (कलम १८५) आणि अधिकार गर्भितही असू शकतो (कलम १८७). त्याचे कायद्यातलेच उदाहरण बोलके आहे : दुकान बंगालमधील श्रीरामपूरला (सेरामपूर), मालक कलकत्त्यात व अधूनमधून येणारा, व्यवस्थापक मालकाच्या नावाने माल मागवतो व मालकाच्या माहितीने त्याच्या पैशातून बिले देतो, त्याला तसा अधिकार असल्याचे मानले जाते. दुकान गोरेगावला व मालक डोंबिवलीला असला, तरी निष्कर्ष तोच. प्रतिनिधीने स्वतः करण्याचे कबूल केलेले काम त्याला दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. व्यापारातील रूढी किंवा कामाचे स्वरूप तशी मुभा देत असेल, तर गोष्ट वेगळी (कलम १९०).

परक्राम्य संलेख (चेक, हुंडी इत्यादी) अधिनियम, १८८१ च्या कलम २७ नुसार धंदा चालविण्याच्या व येणे-देणे करण्याच्या सर्वसाधारण अधिकारात हुंड्या स्वीकारण्याचा किंवा पृष्ठांकित करण्याचा (मागे सही करून दुसऱ्याच्या नावे करण्याचा) अधिकार येत नाही. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणे ही सोय नसून धोका आहे. स्वेच्छेने दिलेल्या सहीच्या कोऱ्या चेकलाही, तो देणे फेडण्यासाठीच दिला असल्याचे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. भागीदारालाही सर्व काही करता येत नाही : भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १९ प्रमाणे, वेगळी रूढी नसल्यास, स्वतःच्या नावाने पेढीचे बँक खाते उघडणे किंवा पेढीची स्थावर मालमत्ता विकणे त्याच्या गर्भित अधिकारात बसत नाही.

अधिकार काढून घेतल्याचा परिणाम प्रतिनिधीपुरता त्याला कळल्यावर व त्रयस्थांपुरता त्यांना कळल्यावर होतो (करार अधिनियम, कलम २०८). म्हणून माणूस सोडून गेला, की त्याच दिवशी बँकेला पत्र, पुरवठादारांना लेखी सूचना, जीएसटी पोर्टलवरील अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या नोंदीत बदल, आणि दुकानाच्या नावाने त्याच्या फोनवर चालणारा व्हॉट्सॲप क्रमांक परत घेणे, ही कामे मालकाने स्वतः करावयाची असतात.