पिल्लं विकायची आहेत? ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर थांबू नका

आता तालुक्याच्या गावीही लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पामेरियनची पिल्लं विकायला असतात. विकणाऱ्याला परवान्याबद्दल विचारलं की तो ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला काढून दाखवतो, नाहीतर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग असल्याचा, कागद. कुणी केनेल क्लबचे वंशावळीचे कागदही पुढे करतो. यातला एकही कागद पिल्लं विकायचा परवाना नाही. तो परवाना म्हणजे राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र.

कायदा १९६० चाच, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याखाली केंद्राने दोन नियमावल्या काढल्या: २०१७ ची कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीची आणि २०१८ ची पेट शॉपची, म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानांची. घरी मादी ठेवून पिल्लं विकत असाल तर पहिली लागू, दुकान थाटून पिल्लं, पक्षी, ससे विकत असाल तर दुसरी. दोन्ही करत असाल तर दोन वेगळे अर्ज, आणि दोन ठिकाणी दुकानं असतील तर प्रत्येकाचा वेगळा.

'मी काही ब्रीडर (पिल्लं काढून विकणारा) नाही, नागपूरहून आणतो अन् विकतो,' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०१७ च्या नियमांतल्या ब्रीडरच्या व्याख्येत व्यापारी आणि मधला माणूस दोघेही येतात. त्यामुळे ही पळवाट नाही. आठवडी बाजारात टोपलीत पिल्लं मांडून बसणं तर सरळच बंद आहे, कारण विक्रीसाठी कुत्री सार्वजनिक जागी मांडता येत नाहीत.

अर्जदार सज्ञान हवा. वरच्या १९६० च्या किंवा वन्यजीव कायद्याखाली शिक्षा झालेली असेल तर पेट शॉपची नोंदणी मिळत नाही. फी दोन्हीकडे ५,००० रुपये, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत येत नाही. म्हणून फी भरण्याआधी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात जाऊन अर्जाचा विहित नमुना घ्या, पैसे कुठे आणि कसे भरायचे ते विचारा, जमलं तर तिथल्या पशुवैद्यकाला जागेचे फोटो दाखवा.

कागदांपैकी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा) किंवा भाडेकरार, जागेचा साधा नकाशा आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला एवढं घरात-गावात जमतं. दाखल्यासाठी ग्रामसेवकाकडे जाल (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) तेव्हा दाखल्यावर व्यवसायाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. 'किरकोळ व्यापार' लिहिलेला दाखला पुढे फाइलमध्ये अडतो. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर तिथला व्यवसाय परवाना पाहावा लागतो. दुकानात वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना पुरते. जनावरांचे लसीकरणाचे कागद आणि ढोरांच्या दवाखान्यातल्या किंवा खासगी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र सोबत ठेवा.

खरी परीक्षा जागेच्या तपासणीत होते. आपल्याकडची अडचण म्हणजे टिनाचं शेड. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि दुपारी अशा शेडात माणूसही दहा मिनिटं टिकत नाही. नियमांना पक्की जागा, हवा, उजेड, स्वच्छ पाणी आणि प्राण्याला सोसेल असं तापमान हवं. पेट शॉपला वीज गेल्यावरची सोयही. एक कूलर लावून 'सोय आहे' म्हणाल, तर लोडशेडिंगमध्ये काय, हा प्रश्न येणारच. शेडावर पऱ्हाटीचा किंवा गवताचा जाड थर, भिंतीला वर झरोके, आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटर, एवढा खर्च आधीच धरून चला. आजारी जनावरासाठी वेगळी खोली लागते. ती बहुतेक जण विसरतात.

प्रजननाचे नियम कडक आहेत, आणि माझ्या मते ते असायलाच हवेत. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, आठ वर्षांनंतर नाही. वर्षातून एकदाच पिल्लं, सलग दोन माजांत नाही, उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा. दर सहा महिन्यांनी पिल्लं काढून पैसा करायचा हिशेब असेल, तर तो धंदा या नियमांत बसत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू ब्रीडरलाही विकता येत नाही, दुकानदारालाही नाही. शेपूट किंवा कान कापायचे नाहीत. कुत्र्यांना मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) हवी. जन्म, मृत्यू, विक्री, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, सगळं रजिस्टरमध्ये, आणि वर्षाचा अहवाल मंडळाकडे.

पक्षी ठेवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. लव्हबर्ड, बजरिगर चालतात. आपला हिरवा पोपट आणि मुनिया चालत नाहीत. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, तिथे वन विभाग येतो आणि प्रकरण वेगळंच होतं.

मूळ कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐकून हसू येईल: १० ते ५० रुपये. त्यावर जाऊ नका. नोंदणी नसलेलं पेट शॉप सील होतं, जनावरं ताब्यात घेतली जातात, आणि तुमचे हजारो रुपये तिथेच अडकतात.

ब्रीडरचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, पेट शॉपचं पाच. पेट शॉपच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ३० दिवस आधी द्यावा लागतो. ब्रीडरनेही तेवढाच अवधी धरून चालावं, कारण तारीख उलटली की तुम्ही पुन्हा बिननोंदणीचे ठरता.