साठच्या कॅसेटमध्ये न मावलेला मेड इन जपान

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम म्हणजे मी कॉलेजात असताना सगळ्यात जास्त ऐकलेली चीज, आणि तरी कित्येक वर्षं तो मी पूर्ण ऐकलाच नव्हता. कारण एकदम साधं. मूळ रेकॉर्ड दोन एलपींची, सगळी मिळून साधारण ७६ मिनिटं, आणि मी दुकानात भरायला दिलेली कॅसेट साठ मिनिटांची, कारण नव्वदचीला पैसे पुरत नव्हते. दुकानदाराने टेप संपेपर्यंत भरली, उरलं ते सोडून दिलं. म्हणजे ए साइडला हायवे स्टार, चाइल्ड इन टाइम, स्मोक ऑन द वॉटर, मग द म्यूल चालू होऊन ड्रम सोलो रंगात येतोय न येतोय तोच खट्ट. बी साइडला स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन, लेझी आणि अर्धं स्पेस ट्रकिन, परत खट्ट. आमच्यासाठी अल्बम एवढाच होता.

परवा हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि मग हा प्रकार मुळात झाला कसा ते खणत बसलो. गंमत अशी की लोक ज्याला रॉकमधला सर्वोत्तम लाइव्ह अल्बम म्हणतात तो काढायची बँडला फारशी इच्छाच नव्हती.

१९७२ सालचा डीप पर्पल म्हणजे रिची ब्लॅकमोर गिटार, इयन गिलन गायक, रॉजर ग्लोव्हर बेस, जॉन लॉर्ड ऑर्गन आणि इयन पेस ड्रम्स. पर्पलवाले याला मार्क टू म्हणतात, कारण बँडमधली माणसं इतक्यांदा बदलली की नंबर द्यावे लागले. १९७० पासून ही मंडळी जवळजवळ सारखी रस्त्यावर होती. हायवे स्टार तर सप्टेंबर १९७१ मध्ये पोर्ट्समथला जाताना बसमध्येच जन्मलं, तुम्ही गाणी कशी लिहिता असं कुठल्याशा पत्रकाराने विचारलं, ब्लॅकमोरने हातातल्या गिटारवर एकच सूर धरून वाजवायला सुरुवात केली, गिलनने वरून शब्द टाकले, आणि त्याच रात्री ते स्टेजवर वाजलंसुद्धा. तेव्हा पर्पलची गाणी स्टुडिओत फक्त जन्माला यायची, मोठी व्हायची ती स्टेजवर. स्टुडिओतलं साडेचार मिनिटांचं स्पेस ट्रकिन इथे वीस मिनिटांचं होऊन एलपीची अख्खी एक बाजू खातं, कारण मधे त्यांच्या १९६८ च्या पहिल्या अल्बममधल्या मॅन्ड्रेक रूटचा वाजवायचा भाग उचलून घातलाय.

स्मोक ऑन द वॉटरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते तरी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन पर्पल तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होते, त्याआधी ४ तारखेला तिथे फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक. धूर तळ्यावर पसरला, ग्लोव्हरला गाण्याचं नाव सुचलं. पुढे हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या वगैरे लावून 'मशीन हेड' उरकला, तो मार्च १९७२ ला बाजारात आला. मेड इन जपानमधली सातपैकी चार गाणी याच अल्बममधली, म्हणजे ती प्लेटवर येऊन पाचच महिने झाले होते आणि स्टेजवर मात्र ती आधीच पार बदलली होती.

लाइव्ह रेकॉर्डिंग नको असण्याचं कारण पटण्यासारखं होतं. समोर हॉलमध्ये जे घडतं ते प्लेटवर उतरत नाही असं त्यांचं मत. पण चोरून काढलेल्या रेकॉर्डिंगच्या बूटलेग प्लेटी धडाधड विकल्या जात होत्या, १९७० च्या जर्मनीतल्या आखेनच्या कार्यक्रमाची 'एच बॉम्ब' नावाची तर प्रसिद्धच. त्यात जपानच्या रेकॉर्ड कंपनीला दौऱ्याच्या वेळी लाइव्ह अल्बम हवा होता, तो सुद्धा फक्त जपानपुरता. बँडने अट घातली की रेकॉर्डिंग आमचा माणूस करणार, मिक्सिंग आम्ही करणार आणि आवडलं नाही तर निघणार नाही. तो माणूस म्हणजे मार्टिन बर्च, जो पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे अल्बम करून मेटलवाल्यांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला. सगळा खर्च साधारण तीन हजार डॉलर, आठ ट्रॅकचं मशीन, नंतर स्टुडिओत डागडुजी नाही.

तीन रात्री रेकॉर्ड झाल्या. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान, जे १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्यूदोसाठी बांधलेलं. अल्बममधलं बरंचसं १६ तारखेचं आहे, स्मोक तेवढं पहिल्या रात्रीचं, द म्यूल आणि लेझी टोकियोचं. जपानी प्रेक्षक गाणं चालू असताना कान देऊन ऐकतात, संपलं की मग ओरडतात, आणि याचा केवढा फायदा झालाय ते चाइल्ड इन टाइमच्या सुरुवातीला कळतं. ऑर्गन इतका हळू आहे की आपल्याकडे असता तर मागून कोणीतरी नक्की शिट्टी मारली असती.

चाइल्ड इन टाइमवरून एक भलताच मुंबईचा धागा सापडला. त्याची ती ऑर्गनची धून पर्पलची नाहीच, सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या १९६९ च्या एका गाण्यावरून घेतलेली आहे, आणि त्या गाण्याचं नाव काय, तर 'बॉम्बे कॉलिंग'. मूळ गाण्यात ती व्हायोलिनवर आहे आणि बरीच जलद. लॉर्ड ती गंमत म्हणून वाजवत बसला, बाकीच्यांनी तिची चाल संथ केली, गिलनने शीतयुद्ध डोक्यात ठेवून शब्द आणि त्या किंकाळ्या घातल्या. कोर्टकचेरी नाही काही, उलट त्या बँडने पर्पलची एक चाल उचलून फिटंफाट केली. होस्टेलच्या खोलीत आम्ही त्या धूनवर डोळे मिटून माना डोलवायचो तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं! १९९५ ला पर्पल खरंच मुंबईत येऊन वाजवून गेले, पण तोवर ब्लॅकमोर सोडून गेला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स होता.

मिक्सिंगची कथा म्हणजे बँडमधलं वातावरण कसं होतं त्याचा पुरावाच. पाचातले दोघेच आले, ग्लोव्हर आणि पेस. गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेनासं झालं होतं, गिलनला तर स्वतःचं गाणंही त्यात पसंत नव्हतं. (त्याला नाही आवडलं आणि इकडे आम्ही त्या किंकाळ्या मारायच्या नादात घसे बसवून घेतले.) कव्हरही ग्लोव्हरनेच केलं आणि त्यावरचा फोटो जपानचा नाहीच मुळी, लंडनच्या एका कार्यक्रमाचा आहे. लंडनच्याच रेनबो थिएटरात १९७२ ला मोजलेल्या ११७ डेसिबलमुळे त्यांचं नाव जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात गेलं. अल्बममध्ये एका ठिकाणी मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, वाढव असं सांगता सांगता, सगळंच सगळ्यापेक्षा मोठं कर, अशी फर्माईश ऐकू येते, ती थट्टा आहे पण अगदीच नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडला अल्बम निघाला, जपानमध्ये नाव 'लाइव्ह इन जपान'. अमेरिकेत कंपनीने आधी नवा स्टुडिओ अल्बम पुढे रेटला, हा तिथे १९७३ च्या वसंतात आला आणि सहाव्या नंबरपर्यंत गेला. त्याच उन्हाळ्यात स्मोक ऑन द वॉटरचं सिंगल तिथे चौथ्या नंबरवर. म्हणजे मशीन हेड येऊन वर्ष उलटल्यावर जगाला ती रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून, कळली. आणि नावाबद्दल, तिकडे मेड इन जपान म्हणजे तेव्हा स्वस्तातला माल असा टोमणा होता म्हणे, आमच्या काळात मात्र मेड इन जपान टेपरेकॉर्डर म्हणजे दुबईवाल्या काकांनी आणलेली, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवायची वस्तू. त्यामुळे आम्हाला त्यात विनोद आहे हेच कळलं नव्हतं, उच्च प्रतीचा अल्बम एवढाच अर्थ.

अल्बम गाजत होता तेव्हा बँड संपत आला होता. गिलनने डिसेंबरमध्येच राजीनामा दिला होता, आणि या पाचांचा तेव्हाचा शेवटचा कार्यक्रम झाला २९ जून १९७३ ला, कुठे, तर परत ओसाकात. हे माहीत झाल्यावर स्ट्रेंज काइंड ऑफ वुमनमधली ती जागा वेगळी ऐकू येते. ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तोच गळ्यातून परत करतो, हा अजून वर जातो, तो त्याच्याही वर, आपल्या फडावरच्या सवालजवाबासारखं. एकमेकांना धड न बघणारी ही दोन माणसं आणि सूर मात्र एकाचाही सुटत नाही.

हेडफोनवर अजून एक कळलं, ऑर्गन डाव्या कानात आणि गिटार उजव्या. आमच्या एका स्पीकरच्या टेपवर दोन्हीचा गोळा व्हायचा, लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल कंपनीच्या गिटार अँपमधून वाजवायचा त्यामुळे तो ऑर्गनही गिटारसारखाच गुरगुरतो, आणि लेझीच्या सुरुवातीचा सगळा गोंधळ मी वर्षानुवर्षं ब्लॅकमोरच्या खात्यावर जमा करत आलो होतो. सॉरी जॉन लॉर्ड, २०१२ ला गेलात, सांगायचं राहिलं.

राहिला प्रश्न त्या कापलेल्या भागांचा. स्पेस ट्रकिनची उरलेली दहा मिनिटं ऐकली, दोनदा ऐकली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मधे चांगलंच पाल्हाळ आहे, हॉलमध्ये समोर असतो तर मजा आली असती पण घरी बसून ऐकताना मी उठून चहा ठेवून आलो. तिथे दुकानदाराने काही फार नुकसान केलं नव्हतं. पण पेसचा ड्रम सोलो! सहा मिनिटांच्या आसपास तो माणूस एकटा वाजवतोय, कुठे रेटारेटी नाही, मधेच हात इतका हलका होतो की नुसता रोल दूरवर पाऊस आल्यासारखा येतो. तेवढा तरी ठेवायचा होता राव, वाटल्यास स्मोक अर्ध्यावर कापायचं.