पार्श्वभूमी: कायकवरची जिवंत आमिषाची टाकी आणि तिची वीज

पंपाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून लाकडी मासेमारी नौकांच्या पोटात भोके पाडलेला एक कप्पा असायचा. समुद्राचे पाणी त्यातून आपोआप खेळायचे आणि मासे बंदरापर्यंत जिवंत यायचे. कायक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, वापरणाऱ्यांनी गळाला लावायचे छोटे मासे जिवंत ठेवायला हीच युक्ती भोकांची बादली मागे ओढून करून पाहिली. पण तिची ओढ थेट वल्ह्यावर येते, आणि वेगात ओढले की बादलीतले आमिष आपटून मरते.

खरा बदल झाला तो उघड्या डेकच्या प्लॅस्टिक कायकमुळे. साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिथिलिनच्या या कायक १९८० च्या दशकात पसरल्या. बैठकीमागचा खोलगट भाग आणि डेकमधून थेट खाली पाणी सोडणारी स्कपरची भोके, या दोन गोष्टी त्यांच्यात तयारच होत्या. मागे २० ते २५ लिटरची गोल टाकी बसवायची, स्कपरच्या भोकात बिल्ज पंप (नौकेच्या तळातले पाणी उपसणारा छोटा विजेचा पंप) खाली तोंड करून घट्ट बसवायचा, आणि पाण्याची पातळी ठरवायला टाकीत उभी नळी ठेवायची. ही रचना आजही जवळजवळ तशीच आहे. टाकी गोल ठेवायची, कारण चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात तारली नाक घासून घेते. पाणी खेळते ठेवायचे, कारण २५ अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमच मावतो, आणि तारली-बांगड्यासारखे सतत पोहणारे मासे तो झपाट्याने संपवतात.

प्रश्न उरला विजेचा. मोटारगाडीची बॅटरी जड, शिवाय कलंडली तर आम्ल सांडणार. १९५० च्या दशकात जेलच्या आणि १९७० च्या दशकात काचतंतूंच्या चटईच्या बंद शिसे-आम्ल बॅटऱ्या आल्या, त्यामुळे ही अडचण सुटली. धोक्याची घंटा आणि संगणकाच्या यूपीएससाठी बनलेला १२ व्होल्ट, ७ एएचचा (अँपिअर-तासांचा) सव्वादोन-अडीच किलोचा ठोकळा कायकवर स्थिरावला. आणि इथूनच एक गोंधळ सुरू झाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

हा गोंधळ 'एएच' या दोन अक्षरांचा आहे. शिसे बॅटरीवरचा ७ एएच हा आकडा साधारणपणे २० तासांच्या संथ वापरावर मोजलेला असतो, म्हणजे ०.३५ अँपिअरने. ताशी ३६० गॅलनचा बिल्ज पंप २ अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरी इतक्या जोराने रिकामी केली की तिच्यातून जेमतेम साडेपाच एएच निघतात. ७ भागिले २ म्हणजे साडेतीन तास असा हिशेब मांडणाऱ्याचा पंप पावणेतीन तासांतच मान टाकतो. त्यातही शिसे बॅटरी दर वेळी तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झरझर घटते. अर्ध्यावर थांबायचे म्हटले तर हातात दीड तास उरतो. बॅटरीने फसवले अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली. चूक मात्र लेबल वाचण्यात होती.

पुढे तर एएचची तुलना व्होल्टेज न पाहताच होऊ लागली. फोनच्या पॉवर बँकेवर २०,००० एमएएच छापलेले असते, म्हणजे २० एएच. पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेले. ऊर्जा (व्होल्ट गुणिले एएच) भरते ७४ वॅट-तास, १२ व्होल्टवर जेमतेम ६ एएच, आणि व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये त्यातलाही काही भाग जातो. ड्रिल मशीनच्या १८ व्होल्ट, ५ एएच बॅटरीत ९० वॅट-तास असतात. आकडा ५ असला तरी ऊर्जा ७ एएचच्या शिसे ठोकळ्यापेक्षा जास्त. म्हणून हिशेब वॅट-तासातच मांडावा: पंपाचे अँपिअर गुणिले १२, गुणिले तास. २ अँपिअरचा पंप ६ तास चालवायचा तर १४४ वॅट-तास लागतात, त्यावर वीस टक्के राखीव. एवढे गणित ज्याने केले तो ७ एएचच्या भरवशावर दिवसभरासाठी निघत नाही.

शिसे बॅटरीच्या काळात काहींनी उलट्या बाजूने तोड काढली. १२ व्होल्टचा पंप ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. पंप संथ फिरतो, अँपिअर निम्म्याहून कमी होतात, आणि २५ लिटरच्या टाकीला तेवढा प्रवाह पुरतो. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात शहाणी युक्ती हीच. ताशी ३६० गॅलन म्हणजे सुमारे १,३६० लिटर, तेही नळी न जोडता मोजलेले. उंचीवर पाणी चढवताना बरेच घटते. तरीही एवढ्या टाकीत तो प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि आमिष दमून मरते. नळीवर तोटी लावून प्रवाह कमी केला तर मोटरवर ताण येईल असे अनेकांना वाटते. बिल्ज पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाते फिरवून पाणी बाहेर फेकणारा असतो; त्यात होते उलटे, तोटी आवळली की अँपिअर कमी होतात. टायमर लावून पंप थांबवत-चालवत ठेवण्याचा पर्यायही आला. गार पाण्यात आणि मोजक्या माशांना तो चालतो; उन्हात टाकी भरलेली असेल तर पंप थांबलेली पाच मिनिटेही महागात पडतात.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आणि वजनाची चिंता मिटली. १२.८ व्होल्ट, १० एएच म्हणजे १२८ वॅट-तास, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि जवळजवळ सगळी ऊर्जा वापरता येते. दोन गोष्टी मात्र बदलल्या. भरलेली शिसे बॅटरी भार आल्यावर १२.५ व्होल्टच्या खाली उतरत जाते. लिथियमची बॅटरी बराच वेळ १३ च्या आसपास टिकते, म्हणून तोच पंप जरा जास्त फिरतो आणि जास्त वीज घेतो. दुसरी गोष्ट कानाला जाणवणारी. शिसे बॅटरी संपत आली की पंपाचा घूं-घूं आवाज खाली उतरतो आणि टाकीत पडणारी धार बारीक होत जाते. अर्धा तास आधी सूचना मिळते. लिथियमचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग आतले संरक्षक सर्किट एका क्षणात वीज तोडते. व्होल्टमीटरवरूनही काही कळत नाही. वॅट-तास मोजणारे मीटर मधे जोडावे लागते.

ड्रिलच्या बॅटऱ्या वापरण्याची लाट ही अलीकडची. १८ व्होल्ट थेट १२ व्होल्टच्या पंपाला देऊ नयेत: वेग दीडपट झाला तर शक्ती वेगाच्या घनाने, म्हणजे तिपटीहून अधिक वाढते आणि मोटर जळते. मधे व्होल्टेज १२ वर उतरवणारा कन्व्हर्टर हवा. शिवाय अशा अनेक बॅटऱ्यांत सेल फार उतरू न देणारे सर्किट बॅटरीत नसून यंत्रात असते. पंपाला जोडल्यावर ते संरक्षण उरत नाही, म्हणून कमी व्होल्टेजला तोडणारा स्विच वेगळा लावावा.

बॅटरी कोणतीही असो, खारे पाणी जोडांना सोडत नाही. पिळून टेप गुंडाळलेला जोड काही फेऱ्यांतच हिरवा पडतो आणि बॅटरी भरलेली असूनही पंप रखडतो. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी वापरली तर जोड टिकतो. फ्यूज पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच, बॅटरीच्या धन टोकाला अगदी लगत. आणि शिसे बॅटरी झाकण बंद असलेल्या डब्यात चार्ज करू नये; हायड्रोजन आत साचतो.