एकाच वेळी लागलेले शोध

एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन किंवा जास्त माणसांनी साधारण एकाच काळात एकच शोध लावला तर त्याला समांतर किंवा स्वतंत्र शोध म्हणतात. ऐकायला हा निव्वळ योगायोग वाटतो, पण विज्ञानाचा इतिहास थोडा चाळला तरी असं इतक्यांदा झालेलं दिसतं की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. विल्यम ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस यांनी १९२२ मध्ये अशा शोधांची यादीच काढली होती, त्यात १४८ नोंदी होत्या. पुढे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन तर म्हणाले की खरं तर असंच घडणं नेहमीचं आहे, एकट्यानंच लावलेला शोध हा अपवाद.

काही वेळा कारण अगदी सरळ असतं, नवं साधन हाती आलं की सगळे त्यातून बघायला लागतात. दुर्बीण १६०८ मध्ये आली आणि १६१०-११ च्या दरम्यान इंग्लंडमध्ये हॅरियट, जर्मनीत फॅब्रिशियस आणि शायनर, इटलीत गॅलिलिओ अशा चौघांना तिच्यातून सूर्यावरचे डाग दिसले. मग आधी कुणी पाहिले यावरून गॅलिलिओ आणि शायनर यांचं जे वाजलं ते बरीच वर्षं चाललं.

माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखं उदाहरण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हा धातू जमिनीत भरपूर, पण ऑक्सिजनला असा घट्ट धरून बसलेला की सुटा काढणं फार महाग पडायचं, १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला तेव्हा तो महागडा धातूच होता. वीज वापरून तो सुटा करता येईल हे लोकांना माहीत होतं, पण अ‍ॅल्युमिना (म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेला हा धातू) वितळायला २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापमान लागतं, ते आणायचं कुठून? युक्ती अशी की क्रायोलाइट नावाचं खनिज आधी वितळवायचं, ते साधारण १००० अंशांना वितळतं, मग अ‍ॅल्युमिना त्यात विरघळवायचा आणि त्यातून करंट सोडायचा, म्हणजे धातू तळाशी जमतो. हे १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉलला जमलं आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरूलाही. हॉलला सुरुवातीला मातीच्या मुशीनं दगा दिला, कारण मुशीतलं सिलिका मिश्रणात उतरत होतं, मग त्यानं आतून कार्बनचं अस्तर लावलं आणि २३ फेब्रुवारीला चकचकीत गोळ्या हाती आल्या. एरूनं फ्रेंच पेटंटसाठी अर्ज एप्रिलमध्ये केला, हॉलनं अमेरिकेत जुलैमध्ये, त्यामुळे भांडण पेटंट ऑफिसात गेलं आणि तिथे हॉलच्या घरच्यांची साक्ष कामी आली, त्याच्या बहिणीनं प्रयोगांच्या तारखा सांगितल्या. गंमत म्हणजे दोघंही १८६३ मध्ये जन्मले, शोध लागला तेव्हा दोघं बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि गेलेही दोघं १९१४ मध्येच. जन्ममृत्यूची वर्षं जुळणं हा योगायोग, पण शोध जुळणं नाही, कारण तोपर्यंत चांगले डायनॅमो आले होते, भरपूर करंट पहिल्यांदाच परवडायला लागला होता आणि अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायचं कोडं सगळ्यांना ठाऊक होतं.

कल्पनांच्या बाबतीतही हेच होतं. डार्विन आणि वॉलेस दोघांनीही लोकसंख्येवरचा माल्थसचा निबंध वाचलेला, दोघं दूरदूर फिरून प्राणी-पक्षी जमवून आलेले, आणि दोघं नैसर्गिक निवडीवर येऊन पोचले. वॉलेसचं लिखाण १८५८ मध्ये हातात पडलं तेव्हा डार्विन हादरलाच, कारण तो वीसेक वर्षं हेच घोटत बसला होता. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, पण हजर एकही नव्हता, वॉलेस आशियातल्या बेटांवर होता आणि डार्विनच्या घरी बाळ नुकतंच गेलं होतं.

मात्र 'एकच शोध' म्हणताना जरा जपून. ऑक्सिजन शेलेनं आधी तयार केला, प्रीस्टलीनं १७७४ मध्ये वेगळा केला, तोही शेलेचं काम माहीत नसताना, पण प्रीस्टली शेवटपर्यंत त्याला फ्लॉजिस्टन (जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं तेव्हा मानलं जाणारं द्रव्य) काढून घेतलेली हवाच समजत राहिला आणि हे नवं मूलद्रव्य आहे हे लावाझिएनं ओळखलं. मग शोध कुणाचा? वायू बाटलीत भरणं म्हणजे शोध की तो काय आहे हे कळणं म्हणजे शोध, यावर उत्तर अवलंबून.

श्रेय कुणाला मिळतं हे बऱ्याचदा आधी कुणी छापलं यावर ठरतं. रामन आणि कृष्णन यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये कोलकात्यात द्रवांमधून विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग पाहिला, त्याच सुमारास मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना तोच परिणाम क्वार्ट्झमध्ये दिसला, पण रामन यांचं आधी छापून आलं आणि १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. कॅल्क्युलसचं, म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींच्या गणिताचं, प्रकरण मात्र भलतंच, ते न्यूटन आणि लाइब्निट्झ दोघांनीही स्वतंत्रपणे शोधलं होतं, पण लाइब्निट्झनं १६८४ मध्ये आधी छापूनही १७१२ मध्ये रॉयल सोसायटीनं चौकशी समिती नेमली, सोसायटीचे अध्यक्ष खुद्द न्यूटन आणि अहवालही बराचसा त्यांनीच लिहिलेला, निकाल काय लागला असेल ते वेगळं सांगायला नको.

हा घोळ आजही आहेच. हिग्ज बोसॉन या मूलकणामागची कल्पना १९६४ मध्ये तीन वेगवेगळ्या पेपरांत सहा जणांनी मांडली, आणि नोबेल तर एका वेळी तिघांपेक्षा जास्त लोकांना देत नाहीत. २०१३ मध्ये ते आंग्लेर आणि हिग्ज या दोघांना मिळालं, आंग्लेरचे जोडीदार ब्राउट तोवर वारले होते. अमेरिकन फिजिकल सोसायटीनं मात्र २०१० मध्येच आपलं साकुराई पारितोषिक सहाही जणांना देऊन टाकलं होतं.