झाली तरी चालेल

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये २०२०च्या जूनमध्ये, कोरोनाच्या साथीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एक पोरगा चटई टाकून बसायचा. टीवायबीकॉमचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि मोबाईलला रेंज फक्त जिन्यात. एकदा मास्क हनुवटीखाली ओढून म्हणाला, "काका, परीक्षा होणार की नाही, तेवढं सांगा. झाली तरी चालेल." अभ्यासाशी फारसं सख्य नसलेलं पोर असं बोलतंय म्हणून मला हसू आलं. हसायला नको होतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ४५ जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दगड दिसायचे. खाली साप आहे का, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. हातचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका हमखास बसणार हे ठाऊक असताना माणसं त्यामानाने शांत होती. सगळ्यात जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना!

अंतिम वर्षाच्या मुलांचं नेमकं तेच झालं. मेअखेरीस राज्य सरकार म्हणालं, परीक्षा नाही. ६ जुलैला यूजीसी, म्हणजे विद्यापीठांना नियम घालून देणारा केंद्राचा आयोग, म्हणाली, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला: तारीख पुढे ढकलता येईल, परीक्षेविना पदवी नाही. तीन महिने रोज दगडाखाली वाकून बघायचं.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचा ताण अनिश्चिततेप्रमाणे वर-खाली व्हायचा, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर यायचे. म्हणजे ताण अगदीच बिनकामाचा नाही, तो माणसाला सावध ठेवतो. पण इथे अंदाज तरी कशावरून बांधणार? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या परिपत्रकांतलं खरं कुठलं, बनावट कुठलं, तेच कळत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, तरुणांना आणि स्त्रियांना फटका जास्त. शंभरातले पंचवीस जण आजारी पडले, असा याचा अर्थ नाही. आधी शंभरात चार असतील, तर ते पाच झाले.

विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली बरेचदा वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप बिघडली का, असे नऊ प्रश्न आणि २७ पैकी गुण. इथे गुण जितके जास्त तितकं वाईट. १० किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांशी बोलावं. एवढ्यावरून निदान होत नाही. शिवाय ऑनलाइन फॉर्म भरायलाही रेंज लागते, त्यामुळे जिन्यातली पोरं अशा आकड्यांत कितपत येतात, याची मला शंकाच आहे.

ऑक्टोबरमध्ये त्याची ऑनलाइन एमसीक्यू परीक्षा झाली, त्याच जिन्यात. शेवटचा पेपर सबमिट करून तो चटई गुंडाळत होता. कसा गेला, विचारलं.

"गेला एकदाचा," म्हणाला.