न्युमरिकल कॉम्प्युटिंगसाठी फंक्शनल प्रोग्रामिंग (नवशिक्यांसाठी)

फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणजे प्रोग्राम लिहायची अशी पद्धत की ज्यात फंक्शनला जे दिलं फक्त त्यावरनंच उत्तर ठरतं, फंक्शन बाहेरच्या कशालाही हात लावत नाही, आणि एकदा एखाद्या नावाला किंमत दिली की ती नंतर बदलत नाही. अशा फंक्शनला शुद्ध फंक्शन म्हणतात. न्युमरिकल कॉम्प्युटिंग म्हणजे ज्या गणितांचं उत्तर सरळ सूत्रानं निघत नाही ती आकड्यांनी, हव्या तेवढ्या अचूकतेपर्यंत सोडवणं, म्हणजे समीकरणांची मुळं, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, मोठमोठ्या मॅट्रिक्स वगैरे. या दोन गोष्टी एकत्र शिकायला घेतल्या तर कुठून सुरुवात करावी आणि कुठे अडकायला होतं, त्याबद्दल ही नोंद आहे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला न्यूटन-रॅफसन, सिम्पसनचा नियम, रुंगे-कुट्टा हे सगळं असतं आणि प्रॅक्टिकलला ते सी, मॅटलॅब, सायलॅब नाहीतर पायथनमध्ये लूप लावून करून घेतात, त्यामुळे मेथड आणि लूप ही एकच गोष्ट असं डोक्यात पक्कं बसतं. खरं तर मेथड म्हणजे एका अंदाजावरनं पुढचा अंदाज कसा काढायचा एवढंच. थांबायचं कधी हा वेगळा प्रश्न आहे. लूपमध्ये हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, फंक्शनल पद्धतीत ते सुटे करता येतात, आणि माझ्या मते नवशिक्याला यातनं मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. मोनाड, फंक्टर ही फंक्शनल प्रोग्रामिंगमधली अवघड नावं नंतर आली तरी काही बिघडत नाही.

वर्गमुळापासून सुरुवात

२ चं वर्गमूळ काढायचंय. पहिलं फंक्शन अगदी छोटं: अंदाज अ दिला की (अ + २/अ) भागिले २ परत द्यायचं, याला आपण 'पुढचा' म्हणू. दुसरं फंक्शन कुठलंही फंक्शन आणि एक सुरुवातीची किंमत घेतं, आणि तेच फंक्शन परत परत लावून येणाऱ्या अंदाजांची न संपणारी यादी देतं, हास्केल या फंक्शनल भाषेत हे तयारच मिळतं आणि त्याचं नाव इटरेट. १ पासून सुरुवात केली की यादी अशी येते: १, १.५, १.४१६६६६७, १.४१४२१५७, १.४१४२१३६ आणि पुढे. तिसरं फंक्शन ही यादी वाचत जातं आणि लागोपाठच्या दोन अंदाजांमधला फरक आपण ठरवलेल्या मर्यादेच्या आत आला की तिथला अंदाज देऊन थांबतं. न संपणारी यादी मेमरीत मावणार कशी हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, तर हास्केल लेझी आहे म्हणजे मागितलं तेवढंच काढतं, पाचवा अंदाज मागितला नाही तर तो कधी काढलाच जात नाही. पायथनमध्ये हेच काम जनरेटर (मागितली की एकेक किंमत देणारं फंक्शन) करतो.

(हीच यादी अपूर्णांकात लिहिली तर १, ३/२, १७/१२, ५७७/४०८ अशी होते, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळासाठी जी किंमत दिलीय, १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४), तिची बेरीज करून बघा, बरोबर ५७७/४०८ येते. मला हे फार आवडतं.)

आता सुटे भाग केल्याचा उपयोग बघा. ०.०००००००१ चं वर्गमूळ ०.०००१ आहे, इथे फरक ०.००१ च्या आत आला की थांब असं सांगितलं तर ती मर्यादाच उत्तराच्या दहापट मोठी, म्हणजे निरुपयोगी. फरकाऐवजी दोन अंदाजांचं गुणोत्तर १ च्या किती जवळ आहे ते बघायला हवं. लूपमध्ये लिहिलेलं असतं तर आत शिरून अट शोधून बदलावी लागली असती, इथे थांबायचं फंक्शन काढून दुसरं लावायचं, 'पुढचा' आणि यादी जशीच्या तशी राहते, आणि तेच नवीन थांबायचं फंक्शन उद्या इंटिग्रेशनलाही चालतं.

डेरिव्हेटिव्हचं उदाहरण याहून भारी आहे. क्ष चा घन या फंक्शनचं क्ष = १ ला डेरिव्हेटिव्ह ३ येतं हे आपल्याला माहितीये. छोटी पायरी ह घेऊन (१+ह) ला आणि १ ला येणाऱ्या किमतींतला फरक ह नं भागायचा, आणि ह दर वेळी निम्मा करायचा. ह = १ पासून यादी येते ७, ४.७५, ३.८१२५, ३.३९०६२५, म्हणजे ३ कडे जाते पण रखडत रखडत. आता एक वेगळं फंक्शन लिहायचं जे अशी यादी घेऊन सुधारलेली यादी देतं: दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला. मग मिळतं २.५, २.८७५, २.९६८७५. या सुधारलेल्या यादीवर पुढच्या पायरीची सुधारणा लावली, म्हणजे दुसऱ्याची चौपट वजा पहिला आणि त्याला ३ नं भागलं, की येतं ३, ३, आणि पुढेही ३ च. याला रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन म्हणतात आणि पुस्तकात ते तक्त्यांत मांडलेलं असतं त्यामुळे अवघड वाटतं, इथे ते यादी घेऊन यादी देणारं एका ओळीचं फंक्शन आहे. जॉन ह्यूज यांनी फंक्शनल प्रोग्रामिंग का महत्त्वाचं आहे हे सांगणारा जो प्रसिद्ध निबंध १९८९ साली छापला त्यात वर्गमूळ, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन हीच उदाहरणं याच क्रमानं घेतलीत, नवशिक्यानं शिकायचा क्रम म्हणून तो आजही चांगला आहे.

कॉम्प्युटरचे आकडे आणि गणितातले आकडे

वरचं वाचून वाटेल की ह कितीही लहान करत गेलं तरी उत्तर सुधारतच जाईल. तसं होत नाही. दशांश संख्या कॉम्प्युटरमध्ये कशा साठवायच्या याचं आयईईई ७५४ हे १९८५ चं स्टँडर्ड आज जवळपास सगळीकडे चालतं, त्यातल्या ६४ बिटच्या संख्येत साधारण १५-१६ अंकच नीट राहतात. ह = १०⁻¹⁶ घेतला तर १ + ह हे कॉम्प्युटरच्या लेखी १ च राहतं, फरक ० येतो आणि डेरिव्हेटिव्ह चक्क ० निघतं. या साध्या पद्धतीत ह साधारण १०⁻⁸ च्या खाली नेला की उत्तर सुधारायच्या ऐवजी बिघडायला लागतं, कारण जवळपास सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की खरे अंक कटून जातात आणि मागे राउंडिंगचा गाळ उरतो. फंक्शन कितीही शुद्ध असलं तरी यातनं सुटका नाही.

दुसरी अडचण फोल्डची. फोल्ड म्हणजे यादीतल्या सगळ्या किमती एका क्रियेनं एकत्र करत जाणं, बेरीज हे त्याचं पहिलं उदाहरण. शिकवताना सांगतात की क्रिया असोसिएटिव्ह असेल तर कंस कुठेही टाका, यादीचे तुकडे करा, वेगवेगळ्या कोअरवर चालवा, उत्तर तेच. पण दशांश संख्यांची बेरीज कॉम्प्युटरवर असोसिएटिव्ह नसते. (०.१ + ०.२) + ०.३ चं उत्तर येतं ०.६०००००००००००००१ आणि ०.१ + (०.२ + ०.३) चं येतं ०.६. दिसायला किरकोळ वाटतं, पण लाखो संख्या असल्या की डावीकडून एकेक मिळवत जाणं आणि जोड्या लावून झाडासारखी बेरीज करणं यात चूक साठण्याचा वेग फार वेगळा असतो, जोड्यांच्या पद्धतीत ती कितीतरी हळू वाढते, नमपायची (पायथनची आकड्यांच्या ॲरेसाठीची लायब्ररी) बेरीज आतनं बऱ्याचदा तशीच चालते. म्हणून न्युमरिकलमध्ये फोल्ड कुठल्या क्रमानं होतोय हा उत्तराचाच भाग समजायचा आणि टेस्ट लिहिताना दोन उत्तरं तंतोतंत सारखी आहेत का असं कधीच विचारायचं नाही, पुरेशी जवळ आहेत का ते विचारायचं.

मेमरी आणि वेग

किंमत बदलायची नाही हा नियम शब्दशः पाळला तर १० लाख आकड्यांच्या ॲरेतला एक आकडा बदलायला सगळा ॲरे नव्यानं बनवावा लागतो, ६४ बिटच्या आकड्यांना ही ८० लाख बाइट्सची कॉपी. गॉस एलिमिनेशन (एकसामयिक समीकरणं सोडवायची पद्धत) असं करायला गेलात तर प्रोग्राम रांगत चालेल. हास्केलच्या साध्या याद्या पण मॅट्रिक्ससाठी नाहीतच, त्या वर सांगितलेल्या अंदाजांच्या रांगांसाठी ठीक, मॅट्रिक्सला ॲरेची लायब्ररी घ्यायची. आणि लेझीपणाही उलटतो: डाव्या फोल्डनं बेरीज केली तर बेरीज न होता 'नंतर करू' अशा अर्धवट हिशोबांचा ढीग मेमरीत साठू शकतो, त्यासाठी फोल्डचं लगेच हिशोब करणारं रूप आहे (नावापुढे प्राइमची खूण असते), तेच वापरायची सवय पहिल्यापासून लावावी.

या सगळ्यावरचा उपाय म्हणजे एकेका घराचा विचार सोडून अख्ख्या ॲरेवर क्रिया करणं, आणि हा विचार जुना आहे. केनेथ आयव्हर्सन यांची एपीएल ही भाषा १९६० च्या दशकातली, तिच्यात लूपशिवाय मॅट्रिक्सची कामं होतात. १९५७ ला आयबीएममध्ये फोरट्रान ही भाषा ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं त्या जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एकेक किंमत बदलत जाणाऱ्या पद्धतीवर कडक टीका केली आणि फंक्शन जोडून प्रोग्राम बनवायची बाजू मांडली. न्युमरिकल लोकांनी नेहमी लक्षात ठेवावं असं आणखी एक उदाहरण म्हणजे एमआयटीमध्ये तयार झालेली एफएफटीडब्ल्यू ही फुरिए ट्रान्सफॉर्मची (सिग्नल वेगवेगळ्या लहरींत सुटा करणाऱ्या गणिताची) लायब्ररी. ती सी मध्ये आहे आणि फार वेगवान म्हणून नावाजलेली आहे, पण तिच्या आतले वेगवान सी चे तुकडे माणसानं हातानं लिहिलेले नाहीत, ते ओकॅमल या फंक्शनल भाषेतला एक प्रोग्राम लिहून देतो. १९९९ ला तिला न्युमरिकल सॉफ्टवेअरचं विल्किन्सन पारितोषिक मिळालं.

भाषा कुठली घ्यावी

पायथन येत असेल तर जॅक्स घ्या असं मी सांगेन. गूगलची ही लायब्ररी २०१८ ला आली, वापरायला नमपायसारखीच, पण ॲरे बदलता येत नाहीत आणि फंक्शन शुद्ध असावं लागतं. बदल्यात तिथे ग्रॅड नावाचं फंक्शन मिळतं ज्याला फंक्शन दिलं की त्याचं डेरिव्हेटिव्ह हे नवं फंक्शन म्हणूनच हातात येतं, ह किती घ्यायचा हा वरचा सगळा त्रास तिथे नाहीच. रँडम संख्यांसाठी मात्र दर वेळी एक किल्ली हातानं द्यावी लागते, तीच किल्ली दिली तर तोच आकडा येतो, पहिल्यांदा विचित्र वाटतं पण फंक्शननं बाहेर हात लावायचा नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार. एक सेटिंग विसरू नका, जॅक्स आपणहून ३२ बिटमध्ये चालतं म्हणजे सातेक अंकच खरे, ६४ बिट मुद्दाम चालू करावे लागतात.

विचार करायची सवय मोडून नवी लावायची असेल तर हास्केल, थोडे दिवस का होईना. ज्युलिया (२०१२, तिच्या चार निर्मात्यांपैकी एक विरल शहा) शुद्ध फंक्शनल नाही, पण फंक्शनला फंक्शन देणं तिथे सहज होतं आणि लूपही वेगानं चालतो, त्यामुळे दोन्हीकडे पाय ठेवता येतो. जीपीयूसाठी (ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरसाठी) कोपनहेगनची फ्युथार्क ही भाषा आहे, ती नंतर.

वर्गमूळ आणि डेरिव्हेटिव्ह झालं की पुढचा अभ्यास डिफरन्शियल इक्वेशनचा घ्यावा. तिथे एक पाऊल म्हणजे आत्ताची स्थिती घेऊन पुढची स्थिती देणारं फंक्शन, आणि स्कॅन (मधले सगळे टप्पे सांभाळणारा फोल्ड) लावला की अख्खा मार्ग मिळतो. ऑयलरचं पाऊल आणि रुंगे-कुट्टाचं चौथ्या ऑर्डरचं पाऊल अशी दोन फंक्शन्स लिहा, आणि तिसरं एक फंक्शन लिहा जे कुठलंही पाऊल घेऊन पायरी निम्मी केल्यावर चूक कितीपट कमी झाली ते मोजतं. उत्तर माहिती असलेलं साधं समीकरण घ्या, ऑयलरला आकडा २ च्या आसपास यायला हवा आणि रुंगे-कुट्टाला १६ च्या. नाही आला तर चूक पावलाच्याच फंक्शनमध्ये शोधायची, कारण बाकीचं सगळं दोघांना सारखंच आहे.