सुझुकी, सेइजुन

सुझुकी, सेइजुन : (२४ मे १९२३ – १३ फेब्रुवारी २०१७). जपानी चित्रपट-दिग्दर्शक. मूळ नाव सेइतारो. जन्म टोकियोत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. १९४८ मध्ये शोचिकू कंपनीत साहाय्यक दिग्दर्शक म्हणून लागले, १९५४ मध्ये निक्कात्सूत गेले. १९५६ ते १९६७ या काळात त्यांनी निक्कात्सूसाठी सुमारे चाळीस चित्रपट केले. बहुतेक दुय्यम दर्जाचे, मुख्य चित्रपटाच्या जोडीला लावायचे. पटकथा आणि नट कंपनीच ठरवून देई. कथेला हात लावता येत नाही म्हटल्यावर सुझुकींनी रंग, नेपथ्य आणि संकलन यांच्याशी खेळायला सुरुवात केली. त्यांचा तऱ्हेवाईकपणा मुख्यतः या कोंडीतून आला.

'कांतो वाँडरर' (१९६३) मध्ये नायकाची तलवार फिरते, कागदी दारे कोसळतात आणि मागचा सारा पडदा लालभडक होतो. कला-दिग्दर्शक ताकेओ किमुरा यांच्या साथीने ही रंगांची चैन 'टोकियो ड्रिफ्टर' (१९६६) मध्ये कळसाला पोचली. पण सुझुकी म्हणजे नुसती रंगपंचमी नव्हे. 'स्टोरी ऑफ अ प्रॉस्टिट्यूट' (१९६५) हा मांचुरियाच्या आघाडीवरील वेश्येची कथा सांगणारा कृष्णधवल चित्रपट लष्करी शिस्तीवर कमालीचा संतापलेला आहे. 'फायटिंग एलेजी' (१९६६) मध्ये वयात येणारा मुलगा आपली कामवासना मारामारीत जिरवतो, आणि हसता हसता प्रेक्षक १९३६ च्या लष्करी बंडापर्यंत येऊन पोचतो. समीक्षक 'टोकियो ड्रिफ्टर'सारख्या गँगस्टरपटांचे गोडवे गातात. त्या मानाने हे दोन चित्रपट मागेच राहिले.

'ब्रँडेड टू किल' (१९६७) मधला भाडोत्री मारेकरी (जो शिशिदो) शिजत्या भाताच्या वासाने कामातुर होतो. एकदा तो तळघरात शिरून बेसिनचा पाइप सोडवतो आणि त्यातून वर गोळी झाडतो. वरच्या मजल्यावर बेसिनवर वाकलेला माणूस मरतो. (अमेरिकन दिग्दर्शक जिम जारमुश यांनी १९९९ मध्ये हा प्रसंग 'घोस्ट डॉग'मध्ये वंदनेदाखल जसाच्या तसा घेतला.) निक्कात्सूचे अध्यक्ष क्यूसाकू होरी यांना मात्र चित्रपट अगम्य वाटला आणि १९६८ मध्ये त्यांनी सुझुकींना काढून टाकले. सुझुकी कोर्टात गेले. विद्यार्थी आणि सिनेरसिक त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. १९७१ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली, पण चित्रपटधंद्याने त्यांना वाळीत टाकले. पुढचा चित्रपट थेट १९७७ साली.

१९८० च्या 'त्सिगॉयनरवाइझन'ला थिएटर मिळेना; निर्माते गेंजिरो आरातो यांनी तो फिरत्या तंबूत दाखवला. स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासातेच्या जुन्या रेकॉर्डवर मध्येच कोणाचे तरी अस्पष्ट बोलणे ऐकू येते. ते काय आहे, हे पुन्हा पुन्हा ऐकूनही दोन मित्रांना उलगडत नाही. जिवंत कोण, मेलेले कोण, हेही असेच धूसर राहते. जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. 'कागेरोझा' (१९८१) आणि 'युमेजी' (१९९१) मिळून ही तैशो (जपानमधील १९१२–२६ चा काळ) त्रयी होते. 'युमेजी'तली शिगेरू उमेबायाशींची व्हायोलिनची धून पुढे हाँगकाँगचे दिग्दर्शक वोंग कार-वाई यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह'मुळे (२०००) जगभर पोचली. मूळ चित्रपट फारच थोड्यांनी पाहिला असेल.

'पिस्टल ऑपेरा' (२००१) दिसायला देखणा, पण पोकळ. साच्यातली कथा मोडण्यात जी गंमत होती ती इथे नाही, कारण मोडायला मुळात काही ठेवलेलेच नाही. झांग झियी आणि जो ओदागिरी यांना घेऊन केलेला 'प्रिन्सेस रकून' (२००५) हा संगीतपट त्यांचा अखेरचा.